माझ्याच हातानं सुरू होणारा लॅपटॉप

सगळ्यात आधी माझ्या अक्षराबद्दल आणि चुकांबद्दल माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. माहेरी मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून सगळे मावळतीकडं निघायचे. चौथीपर्यंत मला आत्याकडं ठेवलं, नंतर बरोबर नेलं. त्यामुळं वाचायला नीट येतं, पण लिहायचा हात बसलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळ वर-खाली जाईल. समजून घ्यावं.

माझी सून रुपाली एक मासिक आणते. त्यात शेवटच्या पानांवर लोक आपल्याला आलेले न कळणारे अनुभव लिहितात. मासिकातली तेवढीच पानं मी वाचते. बहुतेकांना वडाखाली बाई दिसते, नाहीतर घाटात कुणीतरी गाडीला हात करतं. मला यातलं काहीच दिसलेलं नाही. माझं सगळं दिवसाढवळ्या घडलं, घरातल्या घरात, आणि ते एका लॅपटॉपचं आहे. म्हणून पाठवायचं की नाही ते ठरत नाही. सध्या नुसतं लिहून काढतेय.

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. विश्वास ठेवायला जागा पुष्कळ होती – माझी चुलती घुमायची. लांबून लोक प्रश्न विचारायला यायचे. मी लहान होते, तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायचे. एकदा ऐन घुमण्यात तिनं एक डोळा किलकिला केला आणि हळूच म्हणाली, "चुलीवर दूध हाय, बग जा." त्या दिवसापासून माझा त्यातला रस संपला तो संपलाच.

आमचं गाव लोणंदपासून जवळ आहे. घरात हे, म्हणजे माझे मालक, मी आणि रुपाली. मुलगा फौजेत आहे, वर्षातून दोनदा येतो. थोडी जमीन आहे, कांदा करतो. एक म्हैस आहे, चंद्री.

चंद्रीबद्दल आधीच सांगायला हवं. ती एका हाताची म्हैस आहे. म्हणजे धार फक्त मला काढू देते. दुसरं कुणी खाली बसलं की पान्हा चोरते, नाहीतर लाथ मारते. ह्यांच्या गुडघ्याला अजून खूण आहे. अशा म्हशी आमच्याकडं पुष्कळांच्या घरी असतात, आणि त्यावरचा उपायही सगळ्यांना माहीत असतो. मला कुठं जावं लागलं तर मी अंगावरची साडी न धुता मागं ठेवून जाते. रुपाली ती नेसते आणि तोंडावर पदर ओढून धार काढते. चंद्री मागं वळून वास घेते, आणि सोडते पान्हा. यात चमत्कार काही नाही. जनावर वासावर चालतं.

आता लॅपटॉप.

रुपाली बी.कॉम. झालेली आहे. लग्नानंतर दोन वर्षं घरात बसून तिचा जीव उबला होता, तोंडानं बोलायची नाही एवढंच. मग तिला पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. गोदामात माल येतो-जातो, त्याच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. सकाळी नऊ वाजता लॉगिन करायचं, म्हणजे हजेरी लावायची. लॅपटॉप मात्र स्वतःचा पाहिजे. सांगलीचा माझा थोरला भाऊ, दादा, फौजेतून रिटायर झालेला आहे, त्यानं पैसे दिले. साताऱ्यातल्या एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप आणला. दादा म्हणाला होता, "परत द्यायची घाई न्हाई." रुपाली म्हणाली, "घाई मला हाय, मामा."

सुरुवातीला सगळं नीट चाललं. लहानसहान दुखणी निघायची, ती आम्ही घरीच काढायचो. एकदा तो इतका तापायला लागला की हात ठेववेना, आणि आतून पंखा गिरणीसारखा ओरडायचा. रुपाली मोबाईलवर बघत होती काय कारण असावं ते. मी म्हणाले, "आगं, तू घोंगडीवर घेऊन बसतीस, त्याला खालनं वारं कुठनं लागंल?" उलटा करून बघितला तर जाळीत लोकरीचा पुंजका अडकलेला. तो मी सुईनं काढला. तेव्हापासून लॅपटॉप जेवायच्या पाटावर ठेवायचा ठरला. एकदा पडदा काळा राहिला, तेव्हा उजेडाचं बटण चुकून कमी झालेलं निघालं. एकदा चार्जरची वायर उंदरानं कुरतडली. हे सगळं समजण्यासारखं होतं.

बॅटरी मात्र मेलेलीच होती. वीज गेली की लॅपटॉप त्याच क्षणी बंद. आणि आमच्याकडं वीज कधी जाईल ते वीजवाल्यांनाही माहीत नसतं.

एका सकाळी वीज जाऊन आली आणि लॅपटॉप सुरूच होईना. चार्जरचा दिवा लागलेला, पण बटण दाबलं की काही नाही. पंखा फिरत नाही, पडदा उजळत नाही. रुपालीनं दुसऱ्या प्लगला लावून बघितलं. बॅटरी काढून, बटण बराच वेळ दाबून धरून बघितलं – असं केलं की आत साठलेली वीज निघून जाते म्हणे. शेजारच्यांचा चार्जर आणला. काही उपयोग नाही. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ती लोणंदला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेली. त्यानं उघडला, ब्रशनं साफ केला, आतली पट्टी काढून खोडरबरानं घासली, बटणाची पट्टी नवी घातली. तरी नाही. मग म्हणाला, "वहिनी, मदरबोर्ड गेलाय. ह्याच्यावर पैसे घालू नका."

रुपाली घरी आली, लॅपटॉप पाटावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला बसली. पुण्याच्या तिच्या सिनिअर बाईंचा फोन येऊन गेला होता. कामावर घेऊन तीन महिने व्हायचे होते, तोवर कायम करत नाहीत. असे खाडे पडले तर नाव काढून टाकू, असं त्या स्पष्ट बोलल्या होत्या. रुपाली रडत नव्हती. भाकरी फार जोरात थापत होती, एवढंच.

मी बाहेर केर काढत होते. लॅपटॉपवर वाटेतली धूळ बसलेली होती. ती पदरानं पुसली. ते बटण माझ्या डोळ्यासमोर होतं. का दाबलं ते सांगता येणार नाही. दाबलं.

पंखा फिरला. पडदा उजळला.

"आगं रुपाली," मी हाक मारली, "ह्ये बग काय झालं."

ती पिठाच्या हातानंच आली. बघत राहिली. "काय केलंत, आत्या?"

"काय न्हाई. पुसला."

"पुसल्यावर कुठं सुरू हुतो?"

पण झाला होता. ती लगेच कामाला बसली. आम्ही समजलो, लूज कनेक्शन असेल. कधी लागतं, कधी लागत नाही.

तसं नव्हतं हे कळायला थोडे दिवस गेले. वीज गेली, बंद पडला, रुपालीनं दाबलं, नाही. ह्यांनी दाबलं, नाही. मी दाबलं, सुरू. पुन्हा तेच. आणि पुन्हा तेच. कधी चुकूनसुद्धा उलट झालं नाही. हे गोठ्यातून म्हणायचे, "म्हस आन् लॅपटॉप एकाच जातीचं दिसत्यात. दोगंबी हिच्याबिगर पान्हा सोडंनात." आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे. मला वाटायचं, माझ्या बोटाचा जोर वेगळा असेल. धार काढून काढून बोटं घट्ट झालेली असतात.

रुपालीनं मला लोणंदला त्या दुरुस्तीवाल्याकडं नेलं. मला जायचं नव्हतं. मी बाजारातसुद्धा ह्यांच्या मागं उभी राहणारी बाई, अनोळखी माणसापुढं तोंडातून शब्द फुटत नाही. पण गेले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. दुरुस्तीवाला तिशीतला, बोलका. त्यानं स्वतः दाबून दाखवलं.

"बघा काकू, मेलाय ह्यो. मी सांगितलं हुतं वहिनींना."

मी दाबलं. सुरू झाला.

तो हसला. "थांबा थांबा." त्यानं बंद केला. स्वतः दाबलं. नाही. "काकू, परत दाबा." सुरू. मग त्याचं हसू जरा कमी झालं. माझे हात कोरडे करायला सांगितले. चप्पल काढायला सांगितली, मग घालायला सांगितली. लाकडी फळीवर उभं केलं – अर्थिंगचा प्रकार असेल म्हणाला. बांगड्या काढून ठेवायला लावल्या. प्रत्येक वेळी मी दाबलं की सुरू. शेवटी त्यानं माझ्या हातात पेन दिला. "बोट लावू नका, ह्यानं दाबा." मी पेनाच्या टोकानं दाबलं. सुरू. तोच पेन घेऊन त्यानं दाबलं. नाही. जोरात दाबलं, हळू दाबलं, टेकवून धरलं. नाही. रुपालीचं बोट खाली आणि माझं वर ठेवून दाबलं. तरी नाही.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, माझी मोटरसायकल हाय भायेर. तिला जरा हात लावता का?"

सगळे हसले. मला कुठं तोंड लपवावं कळेना. दुरुस्तीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. लॅपटॉप रुपालीच्या हातात देताना गमतीनं म्हणाला, "वहिनी, सासूनं करणी केलीया काय बघा. सून घरात बांधून ठेवायची सोय!"

रुपाली हसली. पण एसटीत बसल्यावर ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, गाव येईपर्यंत.

त्याचं ते बोलणं आमच्या घरात राहायला आलं. कुणी उच्चारत नव्हतं. पण मी सकाळी बटण दाबायला गेले की रुपाली माझ्या हाताकडं बघायची. आधी पडद्याकडं बघायची, आता हाताकडं. दाबून झालं की "झालं, आत्या" एवढंच. एकदा मी शेतातून यायला उशीर केला, विहिरीवर मोटारीचं काहीतरी बिघडलं होतं म्हणून. घरी आले तर ती उंबऱ्यात उभी होती, नऊ वाजून गेलेले. "तुमाला म्हाईत हुतं न्हवं, आत्या, नवाच्या आत लागतं?" म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं वाटलं असतं.

एकदा मी भांडी घेऊन मागल्या दाराशी गेले, तेव्हा ती फोनवर माझ्या मुलाशी बोलत होती. "मी आसं म्हणत न्हाई की त्या काय करत्यात. पर तुमीच सांगा, माझी नोकरी त्यांच्या एका बोटावर हाय. त्या न्हाई म्हणल्या तर?" मी भांडी तिथंच ठेवली आणि चंद्रीपाशी जाऊन बसले.

दोन दिवसांनी मुलाचा मला फोन आला. इकडचं-तिकडचं झालं आणि मग म्हणाला, "आई, तू त्या लॅपटॉपला काय करतीस का गं?"

"काय करणार, बाबा?"

"तसं न्हवं... विचारलं आपलं."

मी काही केलेलं नव्हतं, पण ते पटवून द्यायचं कसं? कोण काय करतं ते दाखवता येतं. काहीच न करणं कसं दाखवायचं? मला वाटायला लागलं, एकदा तरी हा लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हातानं सुरू होऊ दे. नोकरीसाठी तर हवंच होतं, पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी. सून माझ्या हाताकडं बघायची थांबावी म्हणून.

त्यातच दादा पडला. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. वहिनी वारल्यापासून तो सांगलीत एकटाच राहतो, त्याला करणारं दुसरं कुणी नाही. मला जायलाच हवं होतं. आणि रुपालीच्या तीन महिन्यांतले शेवटचे दिवस चालू होते.

तिनंच तोड काढली. "जावा, आत्या. मी लॅपटॉप बंदच करत न्हाई. रात्रंदिवस चालू ठिवते."

"आन् लाईट गेली तर?"

"जाऊ नगं म्हणायचं."

सकाळी निघण्याआधी मी लॅपटॉप सुरू करून दिला. अंगावरची साडी चंद्रीसाठी दावणीच्या खुंटीवर टाकली आणि लोणंदहून मिरजेची रेल्वे धरली. लॅपटॉप चालू, म्हशीची सोय झालेली. गाडीत मी देवाला दादासाठी हात जोडले आणि लागलीच विजेसाठीही जोडले.

ऑपरेशन नीट झालं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला चहा पाजत होते, तेव्हा फोन आला.

"आत्या, लाईट जाऊन आली. बंद पडला."

"दाबून बगितलं का?"

"किती येळा दाबू?" ती म्हणाली. "आज त्या बाई स्वतः बसणार हायत लॉगिन बगायला. उद्या कुणाला कायम करायचं त्यांची नावं ठरायची हायत."

मग ह्यांनी फोन घेतला. "गाडी करून मशीन घिऊन येऊ का मिरजंला?"

"आवं, कवा पोचायचं? नऊ कवा वाजायचं?"

"मग तू फोनवरनं काय तरी म्हण त्याला."

"काय म्हणू? मला कुठं काय येतंय?" मी एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. मला रडू आलं. रुपाली पलीकडून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आत्या. म्हस ओरडतीया, तिची धार तरी काढते." आणि फोन ठेवला.

दादानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, सगळंच सांगितलं, करणीचं आणि सुनेच्या नजरेचंसुद्धा. तो छताकडं बघत ऐकत होता. म्हणाला, "आमच्या पलटणीत एक गाडी हुती, फक्त एका डायव्हरला स्टार्ट व्हायची. तो सुट्टीवर गेला की आमी ढकलायचो."

"मग?"

"मग काय न्हाई. ढकलायचो."

असा त्याचा धीर. मी कप धुवायला गेले. मग डॉक्टर येऊन गेला, दादाला झोप लागली, मलाही खुर्चीत लागली. दुपारी फोन वाजला तेव्हा जाग आली.

रुपालीच होती.  

"आगं, काय झालं?"

"आत्या... सुरू झाला."

"कसा?"

"मी... मी दाबलं."

"तू?"

"धार काढून आत आले. दुधाची बादली हातात हुती. त्याच्याकडं बगितलं आन् लय राग आला. म्हणलं एकदा शेवटचं दाबते आन् मिटवूनच ठिवते. दाबलं तर पंखा फिराया लागला. लॉगिन झालं, आत्या, नवाच्या आत झालं."

"बरं झालं की मग. सुधारला."

"न्हाई, ऐका तरी. मग मला काय वाटलं... नीट कळाया पायजे म्हणून दुपारी सुट्टीत बंद केला. साडी सोडून माझा ड्रेस घालून दाबलं. न्हाई. मामंजींनी दाबलं. न्हाई. मग मी परत तुमची साडी नेसले."

    तिनं सकाळपासून फोन केला नव्हता आणि मी भीतीनं केला नव्हता. म्हणजे अर्धा दिवस मी नोकरी गेली असंच समजून बसले होते.

"नेसून दाबलं," रुपाली म्हणाली. "सुरू झाला. सोडून दाबलं, न्हाई. नुसता पदर हाताला गुंडाळून दाबलं, तरी झाला. आत्या, त्यो तुमाला वळकतोय."

"आगं, त्याला काय नाक हाय व्हय?"

"मला काय म्हाईत. मला भ्या वाटतंय."

"कशाचं भ्या? कामाला बस."

फोन ठेवून मी दादाला सांगितलं. तो इतका हसला की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला. "हिरा, तुझी साडी आमच्या पलटणीला पायजे हुती गं," म्हणाला. मी पण हसले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. एवढं मी परक्या माणसाशी आयुष्यात बोलले नव्हते.

मी घरी गेले तेव्हा रुपालीला कायम केल्याचं कळलेलं होतं. ती मला आणायला स्टँडवर आली होती. पिशवी माझ्या हातातून घेतली. वाटेत ओढ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आत्या, मी तुमच्याबद्दल वंगाळ इचार केला हुता."

"मला म्हाईत हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलणार? तुझ्या जागी मी असते तर मी बी केला असता."

ती चालायला लागली, मीही. पुढं गेल्यावर म्हणाली, "म्हशीनं वाचीवलं बगा." त्यावर पुन्हा दोघीही हसलो, आणि तिथं तो विषय संपला.

यानंतर आम्ही फार प्रयोग केले. लपवून ठेवण्यासारखं काही नाही, सगळं सांगते. लोणंदचा दुरुस्तीवाला मुद्दाम आमच्या घरी आला. साडी नायलॉनची आहे, त्यामुळं अंगात वीज साठते, असं म्हणाला. म्हणून शेजारच्या पारूबाईंची तसलीच, एकाच दुकानातून घेतलेली साडी आणली. नाही. माझी सुती साडी दिली, सुरू. माझी धुतलेली साडी दिली, नाही. तीच साडी मी दिवसभर नेसून वावरले आणि दुसऱ्या दिवशी दिली, सुरू. दुरुस्तीवाल्यानं स्वतः माझा पदर हाताला गुंडाळून दाबलं. सुरू झाला. त्यानं हात झटकन मागं घेतला आणि चहा न घेताच गेला. करणीचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

एकदा वास घेणारा कुणी आत आहे का, म्हणून ह्यांनी लॅपटॉपला नाक लावून बघितलं. "गरम भाकरीचा वास येतोय," म्हणाले. तो चुलीकडून येत होता.

रुपालीनं तिच्या ऑफिसातल्या कुणाला तरी विचारलं होतं. त्यांनी मोठं उत्तर पाठवलं – बटणाखालची पट्टी, आतल्या तारा, घामाचा ओलावा. रुपालीनं ते मला वाचून दाखवलं. ऐकायला बरोबर वाटलं. पण मग पेनानं कसा सुरू झाला? आणि कोरड्या पदरानं? आणि पारूबाईंना घाम येत नाही का?

आता दोन साड्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत. एक गोठ्यात, एक लॅपटॉपच्या पाटाशेजारी. मी घरी असले की मीच दाबते. बाहेर गेले की रुपाली पदर गुंडाळते. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पाहुणे आले की वाटतं, म्हणून तेव्हा साडी उशीखाली सरकवतो. बाकी लॅपटॉपनं कधी काही वाईट केलं नाही. आपोआप काही उमटलं नाही, आवाज आला नाही. त्याला फक्त मी लागते. का, ते मला सांगता येत नाही. मी काही त्याची कुणी नाही. त्याच्याआधी कुठल्या घरात होता, कुणाच्या हातात होता, ते साताऱ्याच्या दुकानदारालाही आठवत नव्हतं.

रुपाली पगारातून दर महिन्याला दादाला मोबाईलवरून पैसे पाठवत होती. तो नको म्हणायचा, ही पाठवायची. शेवटचे राहिले तेव्हा दादा म्हणाला, आता मोबाईलवर पाठवू नका, मला चालता यायला लागलंय, भेटायला या. आम्ही दोघी रविवारी सांगलीला गेलो. तो काठी टेकत दारापर्यंत आला. रुपालीनं त्याच्या पाया पडून पर्समधून पाकीट काढलं. दादानं हात पुढं केला, तर तिनं ते त्याला न देता माझ्याकडं धरलं.

"तुमीच द्या, आत्या," म्हणाली. "कमावलेलं निम्मं तुमचंच हाय."

 मी पाकीट दोन्ही हातांनी दादाला दिलं. त्यानं ते कपाळाला लावलं, बंडीच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "झालं गं, फिटलं सगळं."